आधी भोकं मोजा

पत्र : ताई, आम्ही कराडच्या पुढं एका गावात राहतो. मी एका मेसला रोज ८० भाकरी करून देते. गॅस परवडेना म्हणून मुलानं दिवाळीत पंख्याची पेलेट शेगडी (भुस्सा, पाचट दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी) आणली. दोन महिने झकास चालली. आता धूर करते, भांडी काळी होतात. ५ लिटर पाण्याला आधण यायला पूर्वी वीस-बावीस मिनिटं लागायची, आता पाऊण तास जातो. पेलेट काठोकाठ भरते तरी जोर नाही. तळाशी काळा दगड तयार होतो, तो उलथन्यानं ठोकून काढावा लागतो. शेगडी मी रोज घासते, परवा तर आतनं साबणचुरा लावून पाण्यानं धुतली. तेव्हापासून आत एक भेग दिसते आणि पंखाही कुरकुरतो. सासूबाई म्हणतात, चूल काय वाईट होती? दुसरं म्हणजे, मुलगी बाळंतपणाला आलीय. तिच्या शेकाला ह्याच शेगडीतला विस्तव घेतला तर चालेल का? आणि रोजची राख कुठं टाकू?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, तुम्ही शेवटी शेकाबद्दल विचारलेलं मी आधी घेते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल.

बाळंतिणीच्या खोलीत ह्या शेगडीतला विस्तव नेऊ नका. बाजेखाली तर नाहीच. जाळ असतो तोवर जळणातला वायू वरच्या वर जळून जातो. जाळ विझून नुसते लालभडक निखारे उरले की कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूरही दिसत नाही. म्हणून तर ‘धूर संपला, आता आत आणा’ असं आपण म्हणतो आणि नेमकं चुकतं. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीची खोली आपण कशी बंद करतो, ते तुम्हाला सांगायला नको. दाराच्या फटीलासुद्धा गोधडी लावतो. अशा खोलीत डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गुंगी आली तर घरात सगळे म्हणणार, बाळंतीण आहे, थकवा असेल. बाळाला तर सांगताच येत नाही. तसं काही जाणवलं तर दोघांना आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि सरळ दवाखाना गाठा.

सासूबाईंना शेक हवा असेल तर त्यांचं मन मोडायचं कारण नाही. शेगडी परसात ठेवा, तिच्यावर तवा तापवा, तव्यावर सुती फडकं गरम करा आणि फडकं आत न्या. गरम पाण्याची पिशवीही आहेच. फडकं आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मग तिच्या अंगाला. ऊब आत जाईल, विस्तव बाहेर राहील. ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा आग्रह झाला तर तिथं मात्र मी सासूबाईंच्या विरुद्ध आहे. कोवळ्या फुप्फुसांना कुठलाच धूर मानवत नाही, मग तो ओव्याचा का असेना.

आता शेगडीकडे येऊ.

तुमच्या पत्रातल्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. ‘शेगडी रोज घासते’ आणि ‘पेलेट काठोकाठ भरते’. दुखणं ह्या दोन ओळींतच आहे. ही शेगडी जळणापेक्षा हवेवर चालते. पंखा खालच्या भोकांतून थोडी हवा देतो, तिच्यावर पेलेट धुमसतात आणि त्यांचा वायू होतो. तो वर चढतो, तेव्हा वरच्या कडेला जी भोकांची ओळ आहे तिथून आणखी हवा मिळते आणि तिथं तो जळतो. तुम्हाला दिसतो तो सगळा जाळ ह्या वरच्या ओळीपाशी तयार होतो. पेलेट काठोकाठ भरल्या की ती ओळ बुजते. वायू न जळता तसाच निघून जातो, त्यालाच आपण धूर म्हणतो. पातेल्याच्या बुडाला बसते ती काजळीही न जळलेल्या जळणाचीच. म्हणजे जळण जास्त घातलं तेवढा जाळ कमी झाला. पेलेट वरच्या ओळीच्या खाली निदान दोन बोटं राहू द्या.

पेटवायचंही वरून. शेंगांची टरफलं, नारळाची शेंडी, चिपाडाचा बारीक चुरा, घरात असेल ते वर मूठभर पसरा, काडी लावा, पंखा अगदी मंद ठेवा. जाळ धरला की वाढवा. चुलीची सवय खालून पेटवायची असते, त्यामुळे पहिले काही दिवस हात चुकतो. जळण मध्येच संपत आलं म्हणून वरून ओंजळभर टाकलं तरी धूर होणार, कारण गार पेलेट विस्तवावर पडून जाळ दबतो. ८० भाकरींना दोन भरण्या लागत असतील तर पहिली पूर्ण जळू द्या, राख काढा, मग दुसरी भरा. दहा मिनिटं मोडतील, पण धुरात डोळे चोळत बसण्यातही तेवढीच जातात.

आता भोकं. तुम्ही शेगडी बाहेरून इतकी घासली असेल की तिच्यात तोंड दिसत असेल, पण तळाची जाळी उचलून तिच्या खाली कधी बघितलं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. शेगडी पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे रात्रीची सकाळी, ती उजेडात न्या, आत बॅटरी मारा आणि तळाची भोकं मोजा. मग वरच्या ओळीतली मोजा. किती होती आणि किती उघडी आहेत, हे दोन आकडे कागदावर लिहा. दोन महिने रोज चाललेल्या शेगडीत निम्मी बुजलेली निघाली तर नवल नाही. पोती शिवायचं दाभण घ्या, नाहीतर मोडक्या छत्रीची तार, आणि एकेक भोक मोकळं करा. खिळा ठोकू नका. भोक मोठं झालं की सगळी हवा त्याच वाटेनं जाते आणि बाकीची उपाशी राहतात. जाळीखाली राखेचा थर साठलेला असेल, तो रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडून काढा. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर चिपाडं घालणारा माणूस बघितलाय ना? तो जेवढं आत सारतो तेवढ्याच नेमानं खालची राख ओढत असतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं, राख तुंबली की काहिलीतला रस उकळायचा थांबतो, एवढं त्याला ठाऊक असतं.

जाळीवरची राख रोज काढायची, एका भरणीनंतर एकदा. दाभण आठवड्यातून एकदा फिरवलं तरी पुरे.

तळाचा काळा दगड म्हणजे राखच आहे, वितळून पुन्हा घट्ट झालेली. नदीकाठच्या वीटभट्टीत जास्त भाजून काळ्या-निळ्या, काचेसारख्या झालेल्या विटा निघतात, त्यांना खंगर म्हणतात. हा त्याचाच धाकटा भाऊ. उसाच्या पाचटात, भुशात, काडात वाळूतला सिलिका असतो आणि पोटॅशही असतं. नुसता सिलिका वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पोटॅशची संगत मिळाली की तो साताठशे अंशांच्या पुढेच मऊ पडायला लागतो, आणि पंखा जोरात असताना तुमच्या शेगडीच्या पोटात त्याहून जास्त उष्णता असते. काच बनवतात ती अशीच, वाळूत क्षार घालून. शेतातून पाचट गोळा करताना माती आली तर खंगर आणखी वाढतं. लाकडाच्या भुश्श्याच्या पेलेटला ते सहसा होत नाही, झालं तर कमी.

त्यामुळे पेलेट कशाच्या आहेत हे विक्रेत्याला विचारा. तो ‘एक नंबर माल’ एवढंच सांगेल. म्हणून घरीच बघा. स्वयंपाकाच्या काट्यावर १ किलो पेलेट मोजून जाळा, पूर्ण गार झाल्यावर राख आणि खडे दोन्ही मोजा. १० ग्रॅमच्या आसपास भरलं तर बहुतेक चांगल्या लाकडाचा भुस्सा आहे. ५०-६० ग्रॅम भरलं तर शेतातला माल आहे. तो वाईट नाही, पण राख त्याच्या हिशेबानं काढावी लागेल. १०० ग्रॅमच्या वर गेलं तर पुढच्या वेळी दुसरा विक्रेता बघा, नाहीतर निम्म्यात निम्म्या भुश्श्याच्या पेलेट मिसळा. खंगर होत असेल तेव्हा पंखा एक पायरी खाली ठेवून चालवून पाहा. आणि ते उलथन्यानं ठोकणं बंद करा. पूर्ण गार झाल्यावर चिमट्यानं धरून हलवलं की बहुधा सुटतं. ठोकताना दगडाऐवजी आतलं अस्तर फुटतं.

पाचटाला नावं ठेवतेय असं समजू नका हं. त्याचं जळण करायची खटपट आपल्या जिल्ह्याला जुनी आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात उसाची पानं आणि बगॅस म्हणजे चिपाडं ह्यांवर चालणाऱ्या गॅसिफायरवर, म्हणजे जळणाचा वायू करणाऱ्या यंत्रावर, काम केलं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेला पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल २००२ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. घरगुती पंख्याच्या पेलेट शेगडीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम झालं आणि २००६ च्या सुमारास तशा शेगड्या महाराष्ट्र-कर्नाटकातल्या खेड्यांत पोहोचल्या. तुमची शेगडी त्याच कुळातली.

आता पाण्यानं धुण्याचं. ताई, असं पुन्हा करू नका, पण फार वाईटही वाटून घेऊ नका. आपल्याकडे जे जे काळं होतं ते धुवायचं, ही सवयच आहे. शेगडीच्या आतलं अस्तर भाजलेल्या मातीसारखं असतं, पाणी पिणारं. ओलं असताना पेटवलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. तुमची भेग बहुधा अशीच पडली. शिवाय राखेत पाणी मिसळलं की क्षाराचं पाणी होतं. आज्जी राखेनं तांब्या-पितळेची भांडी घासायची ती त्या क्षाराच्याच जोरावर. तेच पाणी पत्र्याच्या सांध्यात मुरून बसलं तर पत्रा खातं. तेव्हा आतून फक्त कोरडं साफ करायचं, ब्रश आणि दाभण. बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा, हवं तर रोज, पण शेगडी गार असताना.

भेग केसाएवढी असेल आणि नख अडकत नसेल तर सोडून द्या, तापलं-गार झालं की अशा भेगा येतातच. नख आत जात असेल तर हार्डवेअरच्या दुकानात भट्टीचं सिमेंट मागा, फायर क्ले म्हटलं तरी कळतं. भेग ब्रशनं झाडून, किंचित ओलसर करून, बोटानं दाबून भरा. पूर्ण दिवस सावलीत सुकू द्या. मग पहिला जाळ अगदी बारीक, पाव भरणीचा. चुलीला लावतो तसं माती-शेण आत लावू नका, त्यातलं शेण जळून जाईल आणि उरलेली माती पोपडे होऊन भोकांत पडेल. भेग आरपार जाऊन बाहेरचा पत्रा लाल किंवा निळा पडत असेल तर मात्र शेगडी वापरायची थांबवा आणि अस्तरच बदलून घ्या.

पंखा कुरकुरतो ते दोन कारणांनी असेल. एकतर धुतानाच पाणी गेलं असेल. किंवा भाकरीचं पीठ. तुम्ही ८० भाकऱ्या थापता, पीठ उडतं आणि पंखा शेजारची हवा ओढतो. पिठाचा आणि तेलकट धुळीचा लेप पात्यांवर बसतो. वायर काढा, पंखा उघडा, एक पातं बोटानं धरून बाकीची कोरड्या ब्रशनं साफ करा. धरायचं अशासाठी की जोरात फिरवून त्याच्या आसाला दुखापत होऊ नये. आसाच्या जागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडता येत असेल तर सोडा. एकच. तरीही आवाज थांबला नाही तर पंखा बदला, पण मागच्या चिठ्ठीवर लिहिलेले व्होल्ट बघूनच. बहुतेक १२ व्होल्टचे असतात. घरात पडलेला कुठलाही ॲडाप्टर खुपसायचा नाही. परात आणि शेगडी ह्यांत हातभर अंतर ठेवलंत, पंख्याचं तोंड परातीच्या उलट बाजूला केलंत, तर ही सफाई महिन्यातून एकदा पुरते.

आणि स्वयंपाक झाला की लगेच पंखा बंद करू नका. आत निखारे असताना पंखा थांबला की ती उष्णता खाली उतरते आणि पंख्याचं प्लास्टिक वाकतं. निखारे राख होईपर्यंत मंद चालू द्या. त्याच उष्णतेवर अंघोळीचं पाणी ठेवा, फुकट तापेल.

राखेबद्दल माझा एक जुना पराक्रम सांगते. आमच्या घरी पहिल्यांदा अशी शेगडी आली तेव्हा संध्याकाळची राख मी प्लास्टिकच्या घमेल्यात काढली. वरून पांढरीशुभ्र, हात लावला तर कोमट. पहाटे उठून बघते तर घमेल्याच्या बुडाला गोल भोक, आणि खाली फरशीवर वितळलेल्या प्लास्टिकचं बशीएवढं काळं धिरडं. राखेच्या पोटात निखारा कित्येक तास जिवंत राहतो. तेव्हापासून आमच्याकडे तेलाचा पत्र्याचा डबा आहे, झाकणासकट. फरशीवर, भिंतीपासून आणि पेलेटच्या पोत्यापासून लांब, आणि राख दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर. गोठ्याजवळ, गवताच्या गंजीजवळ अजिबात नाही.

गार राख भांड्यांना चालेल, पण पेलेट साध्या लाकडाच्या किंवा शेतातल्या मालाच्या असतील तरच. फर्निचरच्या कारखान्यातल्या प्लायवूडच्या भुश्श्याच्या असतील तर त्यात डिंक-रसायन, रंग असतात, ती राख भांड्यांना नको आणि भाजीलाही नको. चांगली राख परसातल्या झाडांना मूठ-मूठ घाला, पोटॅश मिळतं. पण क्षारपड रानात टाकू नका. कृष्णाकाठी चोपण जमिनीचं दुखणं आधीच आहे, त्यात आणखी क्षार कशाला? युरियात किंवा ताज्या शेणखतातही मिसळू नका, नत्र उडून जातं.

पेलेट ठेवण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पाऊस लागला की विचाराल. भुस्सा दाबताना तापतो आणि त्याच्यातलंच लिग्निन, म्हणजे लाकडाला घट्ट धरून ठेवणारं द्रव्य, चिकटून कांडी बनते. वेगळा गोंद बहुधा नसतो. म्हणून पाणी लागलं की ती फुगून परत भुस्सा होते. विश्वास बसत नसेल तर वाटीभर पाण्यात दोन टाका आणि बघा. जूनच्या आधी पोती फळीवर चढवा, भिंतीपासून वीतभर पुढं, उघडलेलं पोतं झाकणाच्या पिंपात. चांगली पेलेट बोटांनी मोडली की कट्‌ असा आवाज होतो. नुसती वाकली किंवा चुरली तर दमट आहे, आणि दमट पेलेट कितीही हवा दिली तरी धूरच करणार. पोत्याच्या तळाशी चुरा साठतो, तो शेगडीत ओतू नका, भोकं बुजतात. शेंगा चाळायच्या चाळणीनं चाळून घ्या आणि चुरा पेटवायला वापरा. एक सूचना आणखी, पिंपावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहा. ह्या कांड्या गोळी पेंडीसारख्या दिसतात. आमच्या शेजारच्या काकांनी अंधारात म्हशीपुढं पाटीभर ठेवल्या होत्या. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं, काका मात्र दोन दिवस गुरांच्या डॉक्टरांना शोधत होते, म्हशीची भूक का मेली म्हणून.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. चुलीला भोकं नसतात, पंखा नसतो, वीज गेली तरी चालते, ह्यात त्या खऱ्याच आहेत. भाकरीलाही चुलीचा पसरट जाळ सोयीचा. ह्या शेगडीचा जाळ मध्यभागी एकाच ठिकाणी लागतो, पातळ तव्यावर भाकरी मधोमध करपते आणि कडेला कच्ची राहते. बिडाचा जाड तवा घ्या आणि पंखा मध्यम ठेवा. जाळ लांब, लाल, लोळणारा आणि टोकाला काळा असेल तर हवा कमी आहे. फुरफुर आवाज करत तव्याच्या बाहेर पळत असेल, राख उडून भाकरीवर बसत असेल, तर हवा जास्त आहे. आखूड, पिवळसर-निळा आणि तव्याला चिकटून राहणारा आला की बटणाच्या त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

आता करायचं ते असं. ह्या रविवारी भोकं मोकळी करा, पंखा साफ करा, पेलेट दोन बोटं खाली भरा आणि त्याच पातेल्यात, त्याच झाकणानं, ५ लिटर पाणी ठेवून घड्याळ लावा. पंचवीस मिनिटांच्या आत आधण आलं तर काम झालं. अर्धा तास उलटला तर पेलेटचं दुसरं पोतं आणून तीच परीक्षा पुन्हा घ्या. तरीही फरक पडला नाही तर पंखा कमी फिरतोय, मुलाला तो बदलायला सांगा. आणि भोकं किती निघाली, त्यातली किती बुजलेली होती, ते मला जरूर कळवा.